स्पिटफायरचं पातं: जुन्या लढाऊ विमानांच्या प्रोपेलरची खरी मापं कशी शोधायची

विमानाच्या मॉडेलच्या किटमधला सगळ्यात दुबळा भाग कोणता असं विचारलं, तर मी प्रोपेलरचं नाव घेईन. हल्ली पत्र्यांचे सांधे, रिव्हेट, कॉकपिटमधली बटणं सगळं कसं नेमकं असतं, पण पाती मात्र अनेकदा आइस्क्रीमच्या काडीला पीळ दिल्यासारखी दिसतात. बुंध्याशी बारीक, मध्येच फुगलेली आणि जाड. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. तीन बाजूंच्या आराखड्यात पुढून जो आकार दिसतो, तोच पात्याचा खरा आकार समजून साचा कोरलेला असतो. पातं तर पिळलेलं असतं. बुंध्याशी ते बरंच तिरकं वळलेलं असल्यामुळे पुढून पाहताना त्याची रुंदी निम्म्या-पाऊणपट दिसते. शेंड्याशी जवळजवळ पूर्ण दिसते. हा फरक मनात पक्का ठेवला की बाकीचं काम म्हणजे चिकाटी आणि शाळेतली त्रिकोणमिती.

इथे उदाहरण म्हणून स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान घेतो. मापं भरपूर मिळतात, आणि एकाच नावाखाली इतके वेगवेगळे प्रोपेलर बसवले गेले की शोधाच्या सगळ्या अडचणी त्यात येऊन जातात.

आधी विमान ठरवा, मग प्रोपेलर

"स्पिटफायरचा प्रोपेलर" असं काही नसतंच. मार्क १ (म्हणजे पहिल्या आवृत्ती) ची पहिली ७७ विमानं दोन पात्यांच्या, लाकडी, ठरीव पिचच्या (पात्याच्या कोनाच्या) प्रोपेलरवर बाहेर पडली. ७८ व्या विमानापासून डी हॅविलंडचा तीन पात्यांचा, धातूचा, दोन पिचचा प्रोपेलर आला. १९४० च्या उन्हाळ्यात, ब्रिटनची लढाई तोंडावर असताना, डी हॅविलंडच्या माणसांनी विमानतळांवर जाऊन हेच प्रोपेलर कॉन्स्टंट स्पीडचे, म्हणजे फेरे कायम राखायला पिच आपोआप बदलणारे करून दिले. दुसरीकडे रोल्स-रॉइस आणि ब्रिस्टल यांनी १९३७ साली मिळून काढलेली रोटोल कंपनी लाकडी पात्यांचे प्रोपेलर देत होती. मार्क ५ वर दोन्ही कंपन्यांचे प्रोपेलर दिसतात. डी हॅविलंडचा स्पिनर (प्रोपेलरच्या मध्यावरचं टोपण) जरा टोकदार, रोटोलचा बोथट. मार्क ९ वर चार पात्यांचा रोटोल आला, व्यास १० फूट ९ इंच. मार्क १४ ला ग्रिफन इंजिन आणि पाच पाती, आणि तीही उलट्या दिशेने फिरणारी.

म्हणून पहिलं काम: ज्या विमानाचं मॉडेल करायचंय त्याचा सीरियल नंबर आणि फोटोची तारीख शोधा. फक्त "मार्क ५" एवढ्यावर थांबू नका. तीच गोष्ट इतर विमानांची. पी-४७ थंडरबोल्टला आधी कर्टिसचा १२ फूट २ इंचाचा, अरुंद पात्यांचा प्रोपेलर होता. १९४४ च्या सुरुवातीपासून १३ फुटांची रुंद पाती येऊ लागली. १/४८ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये हा फरक ७७.३ आणि ८२.६ मिलिमीटरचा, म्हणजे डोळ्यांना सहज दिसणारा. पी-५१डी मस्टँगवर हॅमिल्टन स्टँडर्डचा ११ फूट २ इंचाचा प्रोपेलर, तर पी-५१के वर एरोप्रॉडक्ट्सचा. जपानी झीरो विमानाच्या ए६एम२ चा व्यास २.९ मीटर, ए६एम५ चा ३.०५. मेसरश्मिट १०९जी चा ३ मीटर.

पात्यावरचा किंवा हबवरचा (पाती ज्यात बसतात त्या मधल्या भागावरचा) नंबर मिळाला तर अर्धं काम झालं. हॅमिल्टन स्टँडर्डच्या नंबरांत चक्क माहिती भरलेली असते. मस्टँगचा हब २४डी५० घ्या: पहिला २ म्हणजे रचनेतला मोठा बदल, ४ म्हणजे चार पाती, डी म्हणजे पात्याच्या बुंध्याचा आकारमान-गट, ५० म्हणजे इंजिनाच्या शाफ्टवरच्या खाचांचा आकार. थंडरबोल्टवर बसलेलं ६५०७ए-२ हे पातं घ्या: ६५०७ हा मूळ आराखडा, ए ही त्याची सुधारणा, आणि डॅशनंतरचा २ म्हणजे नाममात्र व्यासातून दोन इंच कमी केलेलं. हे कळलं की एकाच मूळ पात्याची मापं दुसऱ्या विमानाच्या कागदपत्रांतूनही उचलता येतात. शेंडा थोडा छाटला गेलाय एवढं लक्षात ठेवायचं.

कागद कुठे शोधायचे

सगळ्यात आधी त्या काळची दुरुस्तीची पुस्तकं. स्पिटफायरची हवाई मंत्रालयाची पुस्तकं ए.पी. १५६५ या मालिकेत आहेत. वैमानिकांच्या पुस्तिकेपेक्षा दुरुस्ती खात्याचं पुस्तक जास्त कामाचं, कारण त्यात प्रोपेलरचा प्रकार, पिचच्या मर्यादा आणि बसवण्याची पद्धत येते. लंडनच्या हेंडनमधलं रॉयल एअर फोर्स म्युझियम, क्यू इथलं राष्ट्रीय अभिलेखागार आणि अमेरिकन प्रोपेलरांसाठी वॉशिंग्टनचं स्मिथसोनियन ही तीन ठिकाणं धरून चाला. अमेरिकन नागरी विमान खात्याची प्रोपेलरांची प्रमाणपत्रं फुकट मिळतात. त्यांत कोणत्या हबवर कोणतं पातं, कमाल-किमान व्यास किती, हे कोरडेपणाने पण अचूक लिहिलेलं असतं.

पात्याच्या पोटातली भूमिती समजून घ्यायची तर 'नाका'चे (NACA, नासाच्या आधीची अमेरिकन विमान-संशोधन संस्था) अहवाल वाचा. १९३८ चा अहवाल क्रमांक ६४०, हार्टमन आणि बीअरमन यांचा, नासाच्या तांत्रिक अहवालांच्या संग्रहात सहज सापडतो. त्यात १० फूट व्यासाचे प्रोपेलर तपासलेत, क्लार्क वाय आणि आर.ए.एफ. ६ या दोन छेदांचे (पातं आडवं कापल्यावर दिसणाऱ्या आकारांचे). आपल्याला त्यातले कामगिरीचे आलेख नकोत. पात्याचा जो आलेख आहे, म्हणजे त्रिज्येच्या प्रत्येक टप्प्यावर रुंदी, जाडी आणि पिच कसं बदलतं, तो हवा. तो नीट पाहिला की पुढे कुठलंही पातं पाहताना नजर तयार असते: जाडी बुंध्याकडून झपाट्याने कशी उतरते, सर्वांत जास्त रुंदी कुठे येते, शेंडा किती अचानक गोल होतो.

कागदात "पिच २५ अंश" असं दिसलं की लगेच विचारा: कुठे मोजलेलं? पिळलेल्या पात्यावर प्रत्येक ठिकाणी कोन वेगळा असतो. ब्रिटिश कागदांत बहुधा ०.७ त्रिज्येवर (हबच्या मध्यापासून त्रिज्येच्या ०.७ पट अंतरावर), 'नाका'च्या अहवालांत ०.७५ त्रिज्येवर आणि मोठ्या हॅमिल्टन स्टँडर्ड प्रोपेलरांत हबच्या मध्यापासून ४२ इंचांवर. स्पिटफायरच्या १० फूट ९ इंचाच्या प्रोपेलरवर एकाच पात्याचे हे तीन आकडे साधारण २५, २३.५ आणि २६.६ अंश येतील. तिन्ही बरोबर, पण एकमेकांत मिसळले की पीळ बिघडलाच.

फोटो निवडताना

दोन फोटो हवेतच: एक अगदी समोरून, एक अगदी बाजूने, आणि दोन्हींत एक पातं उभं. लांबून, मोठ्या लेन्सने घेतलेला फोटो उत्तम. मोबाईलने जवळून घेतला की स्पिनर फुगतो आणि आपल्याकडे झुकलेलं पातं लांब दिसतं. फिरत्या प्रोपेलरचा मोबाईलमधला फोटो तर टाकूनच द्या, कारण सेन्सर ओळीओळीने वाचत असल्यामुळे पाती केळ्यासारखी वाकलेली येतात.

तिरका फोटोही वाया जात नाही. पात्यांची टोकं ज्या वर्तुळावर आहेत ते तिरकं पाहिलं की लंबवर्तुळ दिसतं. ते टोकांमधून काढा आणि लहान व्यासाला मोठ्या व्यासाने भागा. उत्तर ०.८७ आलं तर कॅमेरा प्रोपेलरच्या अक्षापासून ३० अंश बाजूला होता.

उलटे छापलेले फोटो ही जुनी डोकेदुखी. मार्क १, ५ आणि ९ मधल्या मर्लिन इंजिनाचा प्रोपेलर वैमानिकाच्या नजरेतून घड्याळाच्या दिशेने फिरतो. म्हणजे समोरून पाहिलं तर वरच्या पात्याची पुढची कड आपल्या डावीकडे असते. ग्रिफनचं बरोबर उलट. फोटोत मर्लिनवालं विमान असूनही कड उजवीकडे दिसली, तर विमानावरची अक्षरं वाचून पाहा, निगेटिव्ह उलटी पडली असेल.

पोटावर उतरलेल्या विमानांचे फोटो तर सोन्याचे. धातूची पाती जमिनीला लागली की वाकतात, लाकडी पाती तुटून खुंट उरतात. म्हणजे एका नजरेत कळतं की पातं डी हॅविलंडचं की रोटोलचं. आणि वाकलेल्या पात्यात कधी कधी मागची सपाट बाजू पूर्ण दिसते, जी एरवी कुणी फोटोत घेत नाही.

आज उडणाऱ्या पुनर्बांधणी केलेल्या विमानांवर मापांसाठी आंधळा विश्वास ठेवू नका. बऱ्याच स्पिटफायरवर जर्मनीतल्या हॉफमन कंपनीची नवी लाकडी पाती असतात. ती उडायला उत्तम आणि सुरक्षित, पण १९४४ च्या पात्यांची हुबेहूब नक्कल असेलच असं नाही. मस्टँगवर युद्धकाळात बुंध्याशी असलेली रुंद आवरणं आज अनेकांनी काढून टाकलेली असतात. फोटो सुंदर येतो, मॉडेल चुकतं.

दिल्लीला जाणं झालं तर पालमच्या भारतीय हवाई दल संग्रहालयात अर्धा दिवस ठेवा. तिथे स्पिटफायर, हरिकेन आणि सेंटॉरस इंजिनाचं टेंपेस्ट अशी तिन्ही विमानं आहेत. हात लावायची परवानगी मिळाली तर कापडी टेप, डिजिटल अँगल गेज आणि सुतारांकडचा सुयांचा प्रोफाइल गेज न्या. न मिळाली तर एक सरळ पट्टी पात्याच्याच पातळीत धरून फोटो घ्या.

दोन फोटोंतून खरा आकार

आता मुख्य काम. व्यास माहीत आहे: १० फूट ९ इंच म्हणजे १२९ इंच, त्रिज्या ६४.५ इंच. समोरचा फोटो संगणकावर घ्या (इंकस्केप किंवा गिंप पुरेसं आहे, नाहीतर छापून पेन्सिल-पट्टी) आणि हबच्या मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर ६४.५ मानून मोजपट्टी बसवा. मग त्रिज्येच्या ०.३ पासून ०.९ पर्यंत आणि शेवटी ०.९५ वर आडव्या रेघा मारा. प्रत्येक रेघेवर पात्याची समोरून दिसणारी रुंदी लिहा. बाजूच्या फोटोवर तेच करा.

पातं फिरण्याच्या पातळीशी जो कोन करतं, त्याच्या कोसाइनइतकी रुंदी समोरून दिसते आणि साइनइतकी बाजूने. दोन्ही मिळून काटकोन त्रिकोण होतो. समजा ०.५ त्रिज्येवर समोरून ८.६ इंच आणि बाजूने ५ इंच मिळाले. ८.६ चा वर्ग अधिक ५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ: ९.९५. म्हणजे खरी रुंदी जवळजवळ १० इंच. ५ भागिले ८.६, त्याचा उलटा टॅन: ३० अंश. रुंदी आणि कोन दोन्ही एकाच हिशोबात हातात. नुसत्या समोरच्या आराखड्यावरून काढलं असतं तर पातं दीड इंचाने अरुंद झालं असतं. बुंध्याकडे कोन ५० अंशांवर गेला की १० इंचांचं पातं समोरून फक्त ६.४ इंच दिसतं. किटमधल्या त्या "बारीक कमरेचं" मूळ हेच.

या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. एकदम बुंध्याशी पातं गोल दांडा होत जातं, तिथे हिशोब लागू पडत नाही, नुसती जाडी मोजा. आणि शेंड्याकडे कोन लहान असल्यामुळे पात्याची जाडीही बाजूच्या रुंदीत मिसळते. म्हणून तिथला कोन एक-दोन अंशांनी जास्त येतो, तेवढा वजा करा.

पीळ पडताळून पाहायला आणखी एक सोपा मार्ग आहे. पातं हवेत स्क्रूसारखं पुढे जातं असं धरलं, तर प्रत्येक ठिकाणी त्रिज्या गुणिले कोनाचा टॅन हा आकडा सारखा राहतो. ०.७ त्रिज्येवर २५ अंश घेतले, तर ०.३ वर ४७, ०.५ वर ३३ आणि ०.९ वर २० अंश येतात. म्हणजे ०.३ पासून ०.९ पर्यंत एकूण पीळ २७ अंश. आता दुसऱ्या टोकाने पाहा. मर्लिनचे ३००० फेरे, गिअरचं प्रमाण ०.४७७, म्हणजे प्रोपेलर मिनिटाला १४३१ वेळा फिरतो. ताशी ४०० मैलांना एका फेऱ्यात विमान साडेसात मीटर पुढे जातं. त्या वेगाला ०.३ वर ६८ अंश आणि ०.९ वर ३९ अंश लागतील, फरक साधारण २९. दोन अगदी वेगळ्या स्थितींत पीळ जवळपास तेवढाच आला. फोटोतून काढलेला पीळ १५ किंवा ४० अंश येत असेल तर आकडे नाही, मोजणी तपासा.

इथे एक बारीक मुद्दा. पिच बदलतं तेव्हा अख्खं पातं हबमध्ये फिरतं, म्हणजे सगळ्या ठिकाणचे कोन सारख्याच अंशांनी वाढतात. पीळ बदलत नाही. त्यामुळे एकदा पीळ पक्का झाला की पिच हा वेगळा निर्णय.

उभ्या विमानाचं पिच किती?

याकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि मॉडेल जमिनीवर उभं असेल तर नजर आधी इथेच जाते. रोटोलचे आणि हायड्रोमॅटिक (तेलाच्या दाबावर पिच बदलणारे) प्रोपेलर इंजिन बंद असताना सहसा बारीक पिचवर (लहान कोनावर) येऊन थांबतात, म्हणजे समोरून पाती रुंद दिसतात. डी हॅविलंडच्या जुन्या, वजनांच्या प्रकारात तेलाचा दाब पातं बारीक पिचवर नेतो आणि वजनं त्याला जाड पिचवर (मोठ्या कोनावर) ओढतात. असे प्रोपेलर बंद करण्याआधी मुद्दाम जाड पिचवर नेण्याची पद्धत होती, कारण मग पिस्टन आत झाकला जातो आणि त्यावर धूळ-गंज बसत नाही. कर्टिसचा प्रोपेलर आणि मेसरश्मिटचा व्हीडीएम विजेच्या मोटरवर चालायचा, तो जिथे सोडला तिथेच राहतो. गंमत म्हणजे मेसरश्मिटमध्ये पिच दाखवणारा काटा घड्याळाच्या तबकडीवर होता, वैमानिक पिच "इतके वाजले" अशा थाटात वाचायचे. तेव्हा फोटोत जे दिसेल ते धरा. फोटो नसेल तर या नियमांवर जा.

मापं हातात आली, आता पातं

१/३२ मध्ये मार्क ९ चा प्रोपेलर १०२.४ मिलिमीटर व्यासाचा. १/४८ मध्ये ६८.३, १/७२ मध्ये ४५.५. १० इंच रुंदीचं पातं १/३२ मध्ये ७.९ मिलिमीटर होतं. शेंड्याकडे धातूच्या पात्याची जाडी रुंदीच्या आठेक टक्के धरली तर ती ०.६ मिलिमीटरच्या आसपास. लाकडी रोटोल पाती याहून जाड, विशेषतः बुंध्याकडे, कारण लाकडाला तेवढा मांसलपणा लागतो. म्हणून दोन्ही प्रकारांना एकाच जाडीने घासू नका.

किटचं पातं सुधारायचं तर आधी पत्र्याचे किंवा प्लास्टिकच्या पत्र्याचे साचे कापा, एक पूर्ण रुंदीचा, पिळाशिवायचा आणि तीन छेदांचे. बुंध्याशी रुंदी कमी असेल तर कडेला प्लास्टिकची पट्टी फेविक्विकने चिकटवून ४०० नंबरच्या वॉटर पेपरने मिसळवा, शेवट १००० वर. वक्र बाजू पुढे, सपाट बाजू वैमानिकाकडे. पुढची कड गोलसर, मागची कड धारदार. हे उलटं झालेलं पातं स्पर्धेत लगेच ओळखू येतं.

पीळ कमी पडत असेल तर पातं गरम पाण्यात धरून वळवता येतं, पण अंदाजाने नको. लाकडाच्या तुकड्यावर बुंध्यासाठी भोक पाडा आणि ०.३, ०.५, ०.७, ०.९ या ठिकाणी वरच्या कोनांच्या छोट्या पाचरी चिकटवा. पातं त्यावर टेकलं की पीळ बरोबर. सगळी पाती याच पाटावर तपासा.

थ्रीडी प्रिंट करणाऱ्यांना हे सोपं जातं: प्रत्येक ठिकाणचा छेद त्याच्या रुंदीचा आणि कोनाचा काढून ते जोडायचे. रेझिनमध्ये मागची कड ०.२ मिलिमीटरपेक्षा पातळ ठेवू नका, ती तुटते किंवा वाकते. पातं उभं छापलं तर आधारांच्या खुणा बुंध्यात जातात आणि स्पिनरमध्ये झाकल्या जातात.

उडणाऱ्या रेडिओ कंट्रोल मॉडेलवर हे पातं लावण्याचा मोह आवरा. खऱ्या विमानाचा प्रोपेलर छोटा केला की हवा त्याच्याशी तशी वागत नाही, आणि चार-पाच पाती छोट्या मोटरला नीट पेलत नाहीत. उड्डाणाला बाजारातला दोन पात्यांचा, मांडणीला आपला.

हब आणि पाती जोडताना कागदावर वर्तुळ काढून ९० अंशांच्या चार रेघा मारा, मध्ये टाचणी रोवा, आणि पाती त्यावर ठेवून चिकटवा. एका पात्याचं पिच दोन अंशांनी चुकलं तरी बाजूने लगेच कळतं. म्हणून गोंद वाळायच्या आत बाजूच्या फोटोशी ताडून पाहा.

रंगात ब्रिटिश पात्यांची टोकं ४ इंच पिवळी, १/३२ मध्ये ३.२ मिलिमीटर. हीच पट्टी फोटोतही मोजमापाला कामी येते, पात्याच्या टोकाशी बसवलेल्या मोजपट्टीसारखी. पिवळा आधी मारा, खाली पांढरा थर देऊन. मग टोक झाकून काळा. काळा म्हणजे निव्वळ काळा नको, त्यात थोडा करडा मिसळा. जर्मन पात्यांना गडद काळपट हिरवा, आणि तिथे पिवळी टोकं नाहीत. लाकडी पात्याच्या पुढच्या कडेला पितळी पट्टी असते. रंग उडाल्याच्या खुणा दाखवायच्या तर रोटोलवर तिथे पितळ दिसलं पाहिजे, चांदीचा रंग नाही. चांदी डी हॅविलंडच्या धातूच्या पात्यांसाठी.